एकच डेक, तीन कामे: पॅसिफिक युद्धात विमानवाहू नौकेचा दिवस कसा जायचा

प्रश्न असा होता: दुसऱ्या महायुद्धात एकेका विमानवाहू नौकेवर साठ ते नव्वद विमाने असायची, मग शत्रू दिसताच ती सगळी एकदम का सोडत नसत? आणि मिडवे बेटाजवळच्या लढाईत जपानी ताफ्याच्या अ‍ॅडमिरल नागुमोने हाताशी असलेली विमाने आहेत तशी का पाठवली नाहीत?

थोडक्यात सांगायचे तर विमाने कितीही असली तरी डेक एकच होता, आणि त्यावर एका वेळी एकच काम होऊ शकत होते: उड्डाण, उतरणे किंवा विमानांची हलवाहलव. एकीकडे विमान उतरत असताना दुसरीकडून सोडता येईल असा तिरका डेक युद्धानंतर आला. १९४१ ते १९४५ मधला डेक म्हणजे पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत सरळ एकच पट्टा. कोकण रेल्वेच्या एकेरी मार्गावर समोरून गाडी येत असली की आपली गाडी कितीही तयार असो, क्रॉसिंग होईपर्यंत थांबावेच लागते, तसाच हा प्रकार. म्हणून या लढायांचा अभ्यास करताना कोणाकडे किती विमाने होती हे मागाहून बघावे. अमुक मिनिटाला डेकवर काय चालू होते हे आधी बघावे.

उदाहरणाला अमेरिकेची एसेक्स वर्गातली नौका घेऊ, कारण १९४३ नंतरचा मुख्य भार याच वर्गाने उचलला. डेकची लांबी ८६२ फूट, म्हणजे सुमारे २६३ मीटर. सुरुवातीचा ताफा साधारण ३६ हेलकॅट लढाऊ विमाने, ३६ डाइव्ह बॉम्बर (सूर मारत येऊन बॉम्ब टाकणारी विमाने) आणि १८ अ‍ॅव्हेंजर पाणतीर (टॉर्पेडो) विमाने असा. अमेरिकनांची बरीचशी विमाने डेकवरच मुक्कामाला असत आणि हँगर, म्हणजे डेकखालचे विमानघर, मुख्यतः दुरुस्ती-देखभालीसाठी वापरले जाई. जपानी नौकांवर विमाने हँगरमध्ये ठेवत आणि लागतील तेव्हा लिफ्टने वर आणत. हा फरक वरवर किरकोळ वाटतो, पण मिडवेला तो भोवला. त्याकडे पुढे येतो.

उड्डाणासाठी विमाने डेकच्या मागच्या भागात दाटीवाटीने रचतात. हेलकॅटचे पंख उघडे असताना रुंदी सुमारे १३ मीटर, दुमडले की ५ मीटरच्या आत. डॉन्टलेस डाइव्ह बॉम्बरचे पंख मात्र दुमडतच नसत, त्यामुळे ते विमान जागा खाई. रचण्याचा क्रम ठरलेला होता. सर्वांत पुढे लढाऊ विमाने, मग डाइव्ह बॉम्बर, आणि अगदी मागे पाणतीर विमाने. कारण साधे आहे. पहिल्या विमानाला पुढे मोकळा असलेला अर्धाच डेक धावायला मिळतो. जसजशी विमाने सुटतात तसतशी मागच्याला जास्त धाव मिळते. हलक्या हेलकॅटला समोरून २५ नॉटचा (ताशी २५ सागरी मैलांचा) वारा असेल तर साधारण ३५० ते ४०० फूट पुरतात. टनभर वजनाचा पाणतीर पोटात घेतलेल्या विमानाला ती चैन परवडत नाही.

पण या क्रमाची किंमत आहे. लढाऊ विमान सर्वांत आधी वर जाते आणि टाकीत पेट्रोल कमी असूनही मागच्यांची वाट बघत घिरट्या घालते. ४ जून १९४२ रोजी मिडवेला अमेरिकेच्या ‘हॉर्नेट’ नौकेवरच्या दहा वाइल्डकॅट लढाऊ विमानांचे हेच झाले. लवकर उडाली, वाट बघण्यात पेट्रोल गेले, पुढचे अंतर आवाक्याबाहेरचे निघाले आणि दहाच्या दहा समुद्रात उतरली. शत्रूची एकही गोळी न लागता.

एका वेळी रचता येणाऱ्या या विमानांच्या खेपेत तीस-चाळीस विमाने बसतात. त्याहून जास्त रचली तर पुढच्याला धावायला जागा उरत नाही. म्हणून पूर्ण ताफा पाठवायचा तर दोन खेपा. पहिली सुटली की हँगरमधली विमाने लिफ्टने वर आणायची, मागे ढकलायची, पंख उघडायचे, इंजिने तापवायची आणि मग सोडायची. पहिली खेप दुसरीसाठी थांबली तर तिचे इंधन जळते. न थांबता निघाली तर हल्ला तुकड्यातुकड्यांनी होतो. मिडवेला अमेरिकेच्या ‘एंटरप्राइझ’चे डाइव्ह बॉम्बर पाणतीर विमानांसाठी न थांबता ७:४५ ला निघून गेले, ते या हिशेबानेच.

दिवसाची सुरुवात आदल्या रात्री होई. उद्या कोणती तुकडी किती वाजता सुटणार, कोणता बॉम्ब, किती पेट्रोल, परत कधी, हे सगळे उड्डाणपत्रकात लिहून खाली जाई आणि त्यावरून रात्रभर डेकवर विमाने रचली जात. सूर्योदयाच्या तासभर आधी सगळे आपापल्या लढाईच्या जागी हजर, कारण अंधुक उजेडात पाणबुडी आणि टेहळणी विमान दोघांनाही फायदा. त्याच अंधारात पहिली संरक्षक गस्त वर गेलेली असे.

इंजिन सुरू करण्यातही एक बारकावा आहे. या विमानांची इंजिने गोलाकार, सिलिंडर चहूबाजूंनी मांडलेले. रात्रभर उभे राहिले की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचते. तसाच स्टार्टर मारला तर तेल दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा सिलिंडरचे डोके फुटते. म्हणून आधी दोघे-तिघे मिळून पंखा हाताने काही पाती फिरवतात. अडला तर जोर न लावता खालचे स्पार्क प्लग काढून तेल गाळायचे. मग हेलकॅटच्या स्टार्टरमध्ये बंदुकीच्या काडतुसासारखे काडतूस उडवून इंजिन धरायचे, तेलाचा दाब बघायचा, तापमान येईपर्यंत थांबायचे, दोन्ही मॅग्नेटो (स्पार्क प्लगला वीज देणारी यंत्रे) आळीपाळीने बंद करून इंजिनाचे फेरे किती कमी होतात ते तपासायचे. इंजिन खडखडले तर विमान बाद. लगेच लिफ्टवर किंवा कडेला, कारण मागे रचलेली सगळी खेप त्याच्यामागे अडकलेली असते. एसेक्स वर्गाला डाव्या काठावर बाहेर काढलेली एक लिफ्ट होती. ती खाली गेली तरी डेकमध्ये भोक पडत नसे, म्हणून उड्डाण चालू असतानाही वापरता येई. माझ्या मते या वर्गाच्या रचनेतला हा सर्वांत कमी कौतुक झालेला भाग आहे.

फिरत्या पंख्यांमधून वाट काढत खालची माणसे काम करत. आवाज इतका की बोलणे अशक्य, म्हणून जर्सीचा रंगच ओळख. पिवळा रंग विमानांना इशारे देणाऱ्याचा, निळा ढकलणाऱ्यांचा, तपकिरी एकेका विमानाची देखभाल करणाऱ्याचा, हिरवा उतरणाऱ्या विमानांना अडवणाऱ्या तारा आणि कॅटपुल्ट (विमान झटक्याने सोडणारे यंत्र) सांभाळणाऱ्यांचा. पहाटेच्या अंधारात फिरता पंखा दिसत नाही. शेजारच्या इंजिनाच्या झोताने माणूस सरकत थेट पंख्यात जाई. चाकामागचा लाकडी अडसर काढणाऱ्याने पोटावर झोपून काम करायचे, हा नियम त्यातूनच आलेला.

आता वारा. डेकवरून समोरून निदान २५-३० नॉट वारा मिळायला हवा. हवेत १० नॉट वारा असेल तर नौकेने २० नॉटने वाऱ्याच्या तोंडावर जायचे. विषुववृत्ताजवळ हवा पडली की सगळा वारा स्वतःच्या वेगाने तयार करायचा. वेग वाढला की तेलाचा खप त्याच्या कितीतरी पट वाढतो. आणि नौका एकटी वळत नाही. तिच्याभोवती गोलाकार मांडलेल्या क्रूझर, विनाशिका आणि बरोबरच्या इतर विमानवाहू नौका सगळ्या एकदम वळतात. तासभर २५ नॉटने वाऱ्यावर गेले की गट २५ सागरी मैल, म्हणजे ४६ किलोमीटर सरकतो, मग जायचे तिकडे असो वा नसो.

फिलिपीन समुद्राच्या लढाईत, १९ आणि २० जून १९४४ रोजी, हाच वारा अमेरिकनांच्या मुळावर आला. व्यापारी वारे पूर्वेकडून, जपानी ताफा पश्चिमेकडे. दर उड्डाणाला आणि दर उतरणीला अमेरिकनांना शत्रूकडे पाठ फिरवून पूर्वेला जावे लागे. जपान्यांना तोच वारा सोयीचा, शत्रूकडे जाता जाता विमाने सोडता येत. १९ तारखेला अमेरिकनांनी डेकचा प्रश्न फार शहाणपणाने सोडवला. सकाळी दहाच्या सुमारास रडारवर दीडशे मैलांवर हल्ला दिसला, तेव्हा हेलकॅट वर सोडली आणि बॉम्बर व पाणतीर विमानेही उडवून पूर्वेला लांब पाठवून दिली. त्यांच्या हातून तिथे हल्ला व्हावा ही मुख्य अपेक्षा नव्हतीच. डेक मोकळे राहावेत, लढाऊ विमानांना उतरून पेट्रोल आणि गोळ्या घेऊन पुन्हा उडता यावे, एवढ्यासाठी. त्यात जपानी तुकड्या रांग लावायला काही मिनिटे हवेत घिरट्या घालत थांबल्या. ती मिनिटे हेलकॅटना उंची गाठायला पुरली.

२० तारखेची गोष्ट वेगळी. शत्रूचा ठावठिकाणा दुपारी पावणेचारच्या सुमारास लागला. दहा-बारा मिनिटांत दोनशेहून जास्त विमाने सोडली. तयारी आधीच झालेली असली की डेक किती वेगाने रिकामा होतो याचे हे उत्तम उदाहरण. मग कळले की अंतर सांगितल्यापेक्षा सुमारे ६० मैल जास्त आहे. अ‍ॅडमिरल मिचरने (अमेरिकन विमानवाहू गटांचा प्रमुख) दुसरी खेप रद्द केली, पहिली परत बोलावली नाही. विमाने अंधारात, पेट्रोल संपत आलेल्या अवस्थेत परतली. मिचरने पाणबुड्यांचा धोका पत्करून सगळे दिवे लावायला सांगितले. तरीही लढाईत गेलेल्या वीसेक विमानांपुढे पेट्रोल संपून किंवा डेकवर आदळून गेलेली ऐंशीच्या आसपास होती. माणसे मात्र बरीचशी पाण्यातून उचलली गेली.

आता मिडवे. ४ जून १९४२, पहाटे ४:३० ला ‘आकागी’, ‘कागा’, ‘सोर्यू’ आणि ‘हिर्यू’ या चार जपानी नौकांनी १०८ विमाने मिडवे बेटावर सोडली. प्रत्येकीची साधारण एक खेप. दुसरी खेप हँगरमध्ये, अमेरिकन नौका दिसल्याच तर वापरायला म्हणून पाणतीर आणि चिलखतभेदी बॉम्बसह राखलेली. ७:१५ ला नागुमोने ‘आकागी’ आणि ‘कागा’वरच्या विमानांचे पाणतीर उतरवून जमिनीवर टाकायचे बॉम्ब लावायला सांगितले, कारण बेटावर दुसरा हल्ला हवा होता. हे काम दीड तासाच्या वर जाणारे. पाणतीर आणि बॉम्ब यांचे विमानाखालचे बैठकीचे साहित्यच वेगळे असते, ते बदलावे लागते. पाणतीर वाहून नेणाऱ्या गाड्या मोजक्या, त्यामुळे सगळी विमाने एकदम करता येत नाहीत. ७:४५ ला शत्रूची जहाजे दिसल्याचा टेहळणीचा अहवाल आल्यावर बदल थांबवला. ८:२० ला कळले की समोर विमानवाहू नौकाही आहे.

इथे बहुतेक जण विचारतात, मग तेव्हाच जे आहे ते का नाही सोडले? तर त्या वेळी मिडवेहून परतलेली विमाने डोक्यावर घिरट्या घालत होती, काही जखमी, काहींचे पेट्रोल संपत आलेले. हल्ल्याची खेप वर आणून रचायला, तापवायला आणि सोडायला पाऊण तास तरी हवा. जपानी हँगर चारी बाजूंनी बंद होते, त्यामुळे आत इंजिने तापवता येत नसत. ते सगळे डेकवरच. तेवढा वेळ डेक अडवला तर परतलेल्या विमानांतली बरीच समुद्रात गेली असती. नागुमोने आधी उतरवायचे ठरवले. उतरणी ९:१८ च्या आसपास संपली.

त्यानंतरही डेक मोकळा झाला नाही. अमेरिकन पाणतीर विमानांच्या तुकड्या एकामागून एक येत राहिल्या आणि जवळपास सगळ्या मारल्या गेल्या. पण त्यांना अडवायला झीरो ही जपानी लढाऊ विमाने सतत लागत होती. झीरोच्या २० मिलिमीटर तोफेत त्या काळी तोफेमागे ६० गोळे, म्हणजे सात-आठ सेकंदांचा मारा. ते संपले की खाली या, भरा, पुन्हा उडा. शिवाय पाणतीर चुकवायला नौका गर्रकन वळत होत्या, आणि वळत्या नौकेवर विमाने रचता येत नाहीत. १०:२० ते १०:२५ मध्ये डाइव्ह बॉम्बर आले तेव्हा डेकवर हल्ल्याची खेप सज्ज उभी होती, असे चित्र लोकांच्या डोक्यात घट्ट बसले आहे. ते खरे नाही. हल्ल्याची विमाने मुख्यतः खाली बंद हँगरमध्ये होती, पेट्रोल भरलेली, शेजारी उतरवलेले बॉम्ब कोठारात परत न्यायला वेळ न मिळाल्याने तसेच पडलेले. म्हणूनच ‘आकागी’ला एका बॉम्बने बुडण्याच्या वाटेवर नेले. नागुमोच्या चंचलपणाला फार दोष दिला जातो. माझे मत असे की ८:२० नंतर त्याच्यापुढे चांगला पर्याय उरलाच नव्हता. चूक झाली ती सकाळी टेहळणीला मोजकीच विमाने पाठवली तिथे.

उतरण्याची बाजू उड्डाणाहून अवघड. विमाने नौकेच्या डाव्या बाजूने उलट दिशेला जातात, चाके, फ्लॅप आणि शेपटीचा हुक खाली करतात आणि डावीकडे वळत मागून येतात. शेवटी वैमानिकाला समोरचे लांबलचक नाक आडवे येते, डेक नीट दिसत नाही. म्हणून वळण सरळ न करता शेवटपर्यंत थोडे वाकडेच ठेवायचे. डेकच्या मागच्या डाव्या कोपऱ्यावर उतरणी अधिकारी हातात दोन रंगीत फळ्या घेऊन उभा. हात वर म्हणजे तू उंच आहेस, खाली म्हणजे खाली आहेस, एक बाजू कललेली म्हणजे पंख सरळ कर. गळ्यावरून फळी फिरली की इंजिन बंद. डोक्यावर दोन्ही फळ्या हलल्या की निघून जा, फेरी मार. हे दोन शेवटचे इशारे म्हणजे हुकूम, वैमानिकाला त्यात मत नाही. जपानी नौकांवर माणसाऐवजी काठावर लाल आणि हिरव्या दिव्यांच्या ओळी असत, त्या जुळल्या की उंची बरोबर. ही पद्धत उत्तम होती, पण पुढे येऊन गडबड झाली तर “जा” म्हणायला माणूस लागतोच.

हेलकॅट साधारण ऐंशी-पंच्याऐंशी नॉटने येते. डेकवर तीस नॉट वारा असेल तर प्रत्यक्ष पन्नासेक नॉटने तारेवर आदळते. आडव्या ताणलेल्या पोलादी तारा डझनाहून अधिक असत. हुक एकीला अडकला की जलदाबाच्या यंत्रणेने विमान झटक्यात थांबते. लगेच बाजूच्या खोबणीतून दोघे धावत येऊन हुक सोडवतात, पुढचे तारांचे कुंपण खाली पडते, विमान पंख दुमडत कुंपणापलीकडे जाते, कुंपण पुन्हा वर. चांगल्या ताफ्यात दोन विमानांत अर्धा मिनिट अंतर. पुढे पार्क केलेली विमाने असतात, म्हणून हुक चुकला तर कुंपणच वाचवते. कुंपणात गेलेल्या विमानाचा पंखा वाकतो, इंजिन बाद होते, बहुधा वैमानिक चालत बाहेर येतो. पण डेक अडकला. वर वीस विमाने, काहींकडे दहा मिनिटांचे पेट्रोल. विमान दुरुस्त होण्यासारखे असले तरी दोरी लावून सरळ समुद्रात ढकलून दिले जाई, आणि कोणालाही त्याचे वाईट वाटत नसे.

कॉर्सेअर हे विमान वेगात हेलकॅटपेक्षा सरस, तरी अमेरिकनांनी १९४४ च्या अखेरपर्यंत ते नौकांवर सर्रास घेतले नाही. नाक फार लांब, आणि चाके डेकवर आपटली की विमान उसळी घेई. ब्रिटिशांनी शेवटपर्यंत वाकडी वाट ठेवून ते आधीच वापरात आणले होते.

मुंबईत २००१ ते २०१२ या काळात संग्रहालय म्हणून उभी असलेली जुनी ‘विक्रांत’ ज्यांनी पाहिली असेल त्यांना हा फरक डोळ्यांनी दिसला असेल. ती १९४३ मध्ये ‘हर्क्युलीस’ नावाने ब्रिटनमध्ये बांधायला घेतली, युद्धासाठीच. पण १९६१ मध्ये भारताकडे आली ती तिरका डेक, वाफेवरचा कॅटपुल्ट आणि आरशाची उतरणी-यंत्रणा घेऊन. वर सांगितलेल्या तीन अडचणींवर युद्धानंतर ब्रिटिशांनी काढलेले हे तीन तोडगे, युद्धकाळातल्या सांगाड्यावर बसवलेले.

उतरणी झाली की विमाने पुढच्या टोकाला जमलेली असतात. ती सगळी पुन्हा मागे न्यायची. ट्रॅक्टर थोडे, बाकी माणसांचे खांदे. मग पेट्रोल. हेलकॅटला सुमारे ९५० लिटर, अ‍ॅव्हेंजरला १,२७० च्या आसपास. ४० विमानांची खेप म्हणजे चाळीस हजार लिटरच्या वर, शंभर ऑक्टेनचे, नळ्यांतून, गरम इंजिनांशेजारी. विमानवाहू नौका बुडाल्या त्या बऱ्याचदा याच पेट्रोलमुळे. ८ मे १९४२ रोजी कोरल समुद्रात अमेरिकेच्या ‘लेक्सिंग्टन’ला लागलेले पाणतीर तिने पचवले होते, विमाने पुन्हा उतरवत होती. पण धक्क्याने पेट्रोलच्या टाक्या झिरपू लागल्या, वाफ खाली साचली, चालू विद्युत मोटरची ठिणगी पुरली. महिनाभरातच ‘यॉर्कटाउन’वर मिडवेला हल्ल्यापूर्वी पेट्रोलच्या नळ्या रिकाम्या करून त्यांत कार्बन डायऑक्साइड भरला, आणि बॉम्ब लागूनही पेट्रोलची आग लागली नाही. हा धडा पुढे सर्व अमेरिकन नौकांत गेला.

जपान्यांची ‘ताइहो’ ही नवी, चिलखती डेकची नौका १९ जून १९४४ च्या सकाळी ‘अल्बाकोर’ या अमेरिकन पाणबुडीच्या एकाच पाणतीराने जखमी झाली. पुढची लिफ्ट अडकली, पेट्रोल झिरपले. वाफ घालवायला म्हणून सगळे हवा-मार्ग उघडले, आणि तीच वाफ अख्ख्या नौकेत पसरली. सहा तासांनी स्फोट झाला. वाफ बाहेर काढायची तर आधी तिची हद्द बांधायला हवी. नाहीतर धोका खोलीतून घरभर नेल्यासारखे होते. अमेरिकेच्या ‘फ्रँकलिन’वर १९ मार्च १९४५ रोजी दोन बॉम्ब पडले तेव्हा डेकवर ३१ विमाने भरलेली, तापत उभी, आणि हँगरमध्ये नाश्त्याच्या रांगा. ७०० हून जास्त माणसे गेली. नौका मात्र तरली. अमेरिकन हँगरच्या बाजू उघड्या होत्या, स्फोटाचा दाब बाहेर निघून गेला आणि जळते साहित्य बाहेर फेकता आले, हेही त्याचे एक कारण.

शस्त्रे चढवण्याचे काम पेट्रोलच्या बरोबरीने चाले, त्यात वेळ खाणारा होता पाणतीर. अमेरिकनांचा मार्क १३ हा पाणतीर सुरुवातीला ५० फुटांवरून आणि ११० नॉटच्या आत टाकावा लागे. म्हणजे तोफांसमोरून सरळ, सावकाश. त्यातून तो नीट धावेल याची खात्री नाही. १९४४ मध्ये नाकावर प्लायवूडचे कडे आणि शेपटीला पोलादी कडे बसवले, तेव्हा तो सुमारे ८०० फुटांवरून आणि दुपटीहून अधिक वेगात टाकता येऊ लागला. प्लायवूडचे कडे पाण्यात शिरताना फुटून जाई.

दिवसभर वरती संरक्षक गस्त आणि पाणबुडीविरोधी गस्त चालूच. चार-चार हेलकॅट, रडारसमोर बसलेल्या अधिकाऱ्याच्या आवाजावर. परत येणाऱ्यांना नौकेची जागा नेमकी ठाऊक नसे, कारण रेडिओ बंद आणि नौका सतत वाऱ्यावर वळत. त्यासाठी नौकेवरून रेडिओचा एक फिरता शलाका-संकेत (दिव्याच्या झोतासारखा एका दिशेने जाणारा) जाई. प्रत्येक ३० अंशांच्या पट्ट्यात मोर्सचे वेगळे अक्षर, अक्षरे ठराविक काळाने बदललेली. कोणते अक्षर ऐकू येते यावरून वैमानिक दिशा ओळखे. ही लहर सरळ रेषेत जाते, म्हणून खाली उडत असाल तर ऐकूच येत नाही. हरवलात तर आधी उंची घ्या, हे प्रशिक्षणात घोटून घेत. पेट्रोल कमी असलेला वैमानिक उंची घ्यायला कचरतो, आणि त्यातच चुकतो.

तीन-चार दिवस असे चालले की विनाशिकांच्या टाक्या तळाला जातात. मग ताफा मागे येऊन तेलवाहू जहाजांना गाठतो. दोन जहाजे वीस-पंचवीस मीटरवर समांतर, ८ ते १२ नॉट, मध्ये रबरी नळ्या. सुकाणू दोन अंश चुकले की दोर तुटतात. विमाने भरून काढायला छोट्या विमानवाहू नौका नवी विमाने घेऊन तिथेच येत.

१७ डिसेंबर १९४४ रोजी फिलिपीन्सच्या पूर्वेला हेच काम वाढत्या समुद्रात जमेना. नळ्या तुटत होत्या. विनाशिकांनी तेल मिळणार म्हणून रिकाम्या टाक्यांत समुद्राचे पाणी भरले नव्हते, कारण भरले तर तेल घेण्याआधी ते काढण्यात वेळ जातो. १८ तारखेला वादळ थेट अंगावर आले. पंधरा टक्क्यांच्या आसपास तेल उरलेली ‘स्पेन्स’, आणि ‘हल’ व ‘मोनाहन’ या जुन्या विनाशिका उलटल्या. सुमारे ७९० माणसे गेली. ‘मॉन्टेरे’ या विमानवाहू नौकेच्या हँगरमध्ये दोर तुटून सुटलेली विमाने एकमेकांवर आपटली आणि पेट्रोलने पेट घेतला. त्या दिवशी शत्रू कुठेच नव्हता आणि १४६ विमाने गेली.

पाण्यात पडलेल्यांसाठी हल्ल्याच्या प्रत्येक ठिकाणी पाणबुडी नेमून दिलेली असे. एप्रिल १९४४ च्या अखेरीस पॅसिफिकमधल्या ट्रूक या जपानी तळाजवळ ‘टँग’ पाणबुडीने दोन दिवसांत २२ जण उचलले. युद्धभरात पाणबुड्यांनी ५०४ हवाई सैनिक वाचवले. ताफ्याजवळ पडलेल्यांना मागून चालणारी विनाशिका उचले आणि दोरावरच्या खुर्चीतून परत पाठवी. बदल्यात विमानवाहू नौकेकडून आइस्क्रीम घ्यायचा रिवाज होता, कारण ते बनवायचे यंत्र लहान जहाजांवर नसे.

मूळ नोंदवह्या वाचणार असाल तर घड्याळ आधी जुळवा. जपानी ताफा कुठेही असला तरी टोकियोची वेळ लिही. मिडवेचे पहाटे ४:३०, तारीख ४ जून, म्हणजे जपानी नोंदीत ५ जूनचे १:३०. अमेरिकन नौकांची घड्याळे बेटाच्या दोन तास पुढे होती, म्हणून त्यांच्या अहवालात तोच डाइव्ह बॉम्बरचा हल्ला १०:२२ ऐवजी १२:२२ ला दिसतो. वर मिडवेच्या लढाईसाठी सगळीकडे तिथली स्थानिक वेळ दिली आहे. अंतरे सागरी मैलांत, म्हणजे मैलाला १.८५ किलोमीटर, आणि अमेरिकन नोंदींत गॅलन दिसला तर तो अमेरिकन, ३.७८५ लिटरचा.